वही कोणी पाहावी?

मुंबईहून कोंकणांत उतरणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर आधीं पेण लागतें आणि मग रोहें. पेण गणपतीच्या मूर्तींसाठीं महाराष्ट्रभर ठाऊक आहे. रोहें हें कुंडलिकेच्या काठचें गांव, जेथून कोंकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो. पूर्वींच्या कुलाबा व १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यांतील हीं दोन गांवें पैशाच्या इतिहासांत एका निराळ्याच कारणानें शेजारीं येतात. देशाच्या मध्यवर्ती बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर रोह्याच्या घराण्यांतले. आणि बँकेची वही खोटी निघाली म्हणजे सामान्य ठेवीदाराचें काय होतें, हा धडा पेणचा.

क्रिप्टो नांवाच्या आभासी चलनाचा व्यापार करणाऱ्या पेढ्यांनीं आपल्या गिऱ्हाइकांची माहिती सरकारला द्यावी काय, किती द्यावी आणि कोणत्या बंधनानें द्यावी, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत शिरला आहे. घरांतील तरुण मुलगा दूरध्वनीच्या पडद्यावर हें नाणें विकत घेतो आणि त्याआधीं त्याच्याकडून नांव, पत्ता, पॅन क्रमांक, छायाचित्र असें सर्व कांहीं मागून घेतलें जातें. तें पुढें कोणाकडे जातें? प्रश्न नवा वाटतो. परंतु त्याचीं मुळें जुन्या वह्यांत आहेत.

जुन्या काळची पेढी डोळ्यांपुढें आणावी. गादीवर बसलेला सावकार, पुढें उतरतें मेज आणि त्यावर लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या. रोजकीर्दींत दिवसाचा व्यवहार लिहिला जाई आणि खतावणींत तोच माणसाच्या नांवावर चढे. कोण कोणाचा ऋणको आहे हें साऱ्या गांवाला ठाऊक असे; मुद्दल किती, व्याज किती आणि फेड किती जमा धरली, हें मात्र वहीलाच ठाऊक. नांव उघडें आणि वही झांकलेली, अशी ती व्यवस्था होती. तिचा स्फोट १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें झाला. पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गांवांत शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. परंतु त्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नसून कर्जरोख्यांवर होता. ते हिसकून घ्यावे आणि जाळून टाकावे, हाच बहुतेक ठिकाणीं उद्देश दिसला. ज्या कागदाचा अर्थ आपल्याला कोणी सांगत नाहीं, तो कागदच नाहींसा करावा, असें त्यांस वाटलें.

सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जाच्या जाचांतून सोडविण्यासाठीं कायदा केला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. दिलेल्या पैशाची पावती, वर्षाच्या हिशेबाचा उतारा आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क त्यानें कर्जदाराला दिला, आणि मूळ व्यवहारापासून हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला. हा कायदा कितपत यशस्वी झाला याविषयीं मतभेद आहेत. त्याचें तत्त्व मात्र लक्षांत ठेवण्यासारखें आहे. सरकारनें येथें सावकाराची वही उघडली, पण ती ज्याचें खातें त्याला दाखविण्यासाठीं उघडली.

पुढच्या कायद्यांनीं वहीच्या गुप्ततेला कुंपण घातलें. १८९१ च्या कायद्यानें बँकेच्या वहीचा प्रमाणित उतारा न्यायालयांत पुरावा म्हणून चालूं लागला. परंतु ज्या दाव्यांत बँक पक्षकार नाहीं त्यांत विशेष कारणासाठीं न्यायाधीशानें आज्ञा दिल्यावांचून मूळ वही हजर करण्याची सक्ती करतां येत नसे. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ५४ व्या कलमानें करदात्यानें दिलेली माहिती गोपनीय ठरविली आणि ती फोडणाऱ्या सरकारी नोकराला शिक्षा सांगितली. १९२४ सालीं इंग्लंडांतील टूर्निये खटल्यांत न्यायालयानें निर्णय दिला कीं, बँकेनें गिऱ्हाइकाची गुप्तता राखणें हा कराराचाच भाग होय. मात्र तिला चार अपवाद आहेत: कायद्याची सक्ती, लोकांप्रतीचें कर्तव्य, बँकेचें स्वतःचें रक्षण आणि गिऱ्हाइकाची संमति. यापुढचा इतिहास म्हणजे या चारांपैकीं पहिलें दार कसकसें रुंद होत गेलें त्याचा इतिहास होय.

तें दार हिंदुस्थानांत मोठ्या प्रमाणावर उघडलें गेलें तें १९४६ सालीं, आणि येथें रोह्याचा संबंध येतो. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं रायगड किल्ल्याजवळील नाते या गांवीं झाला आणि त्यांचें बालपण रोह्यास गेलें. वडील वकील. १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत त्यांनीं संस्कृतासाठीं असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली आणि पुढें आय. सी. एस.च्या परीक्षेंत पहिला क्रमांक पटकाविला. ऑगस्ट १९४३ मध्यें ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. त्या जागीं बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ.

महायुद्ध संपलें होतें. युद्धकाळांतील काळ्या बाजाराचा पैसा मोठ्या नोटांच्या रूपानें तिजोऱ्यांत दडला आहे, अशी सरकारची समजूत होती. १२ जानेवारी १९४६, शनिवार, या दिवशीं वटहुकूम निघाले. एका वटहुकुमानें ब्रिटिश हिंदुस्थानांतील सर्व बँका आणि सरकारी खजिने यांना आज्ञा झाली कीं, आदल्या दिवशीं कामकाज संपतांना शंभर, पांचशें, हजार आणि दहा हजार रुपयांच्या नोटा आपल्यापाशीं किती होत्या याचें पत्रक त्याच दिवशीं दुपारीं तीन वाजेपर्यंत रिझर्व्ह बँकेला द्यावें. त्यासाठीं तो दिवस बँकांना सुटीचा ठरविण्यांत आला. दुसऱ्या वटहुकुमानें पांचशें व त्यावरील नोटा चलनांतून रद्द केल्या. ज्याला त्या बदलून हव्या असतील त्यानें थोड्या दिवसांच्या मुदतींत लेखी प्रतिज्ञापत्र द्यावें, त्यांत आपली माहिती द्यावी आणि नोटा आपल्याजवळ कशा आल्या तें सांगावें, असें ठरलें. याच महिन्यांत आणखी एका वटहुकुमानें बँकांचीं दफ्तरें तपासण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाला आणि १९४९ च्या बँकिंग कायद्यानें तो कायमचा झाला.

फळ काय मिळालें? रद्द केलेल्या नोटा एकूण १४३.९७ कोटि रुपयांच्या होत्या. १९४७ च्या अखेरपर्यंत त्यांतील १३४.९ कोटींच्या नोटा बदलून गेल्या. परत न आलेल्या नोटा अवघ्या ९.०७ कोटींच्या. मधल्या काळांत मोठ्या नोटा दर्शनी किंमतीपेक्षां कमी भावानें हातोहात विकल्या गेल्या आणि ज्यांना जाब द्यावयाचा होता त्यांनीं दुसऱ्याचें नांव पुढें केलें. हें नोटा रद्द करणें नव्हे, तर कमीअधिक नफ्यातोट्यानें झालेली अदलाबदल होय, असाच खुद्द देशमुखांचा अभिप्राय होता. रोह्याच्या या गृहस्थानें सरकारी अंमलाच्या शिखरावरून जें पाहिलें, त्याचा सारांश इतकाच: एका दिवशीं एकदां विचारलेल्या प्रश्नाला चतुर मनुष्य उत्तर तयार करून आणतो.

स्वातंत्र्यानंतर देशमुख १९५० पासून १९५६ पर्यंत भारताचे अर्थमंत्री होते. कर चुकविणाऱ्यांच्या शोधासाठीं १९४७ च्या कायद्यानें नेमलेलें चौकशी-मंडळ त्या वेळीं काम करीत होतें. एकाच प्रकारच्या करदात्यांपैकीं कांहींना कडक पद्धतीनें आणि इतरांना सौम्य पद्धतीनें वागविलें जातें, या कारणास्तव त्या कायद्यांतील एक कलम सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं रद्द केलें. सरकारच्या डोळ्याला मर्यादा आहे, आणि ती समतेची आहे, हा त्याचा अर्थ. परंतु प्रवाह दुसऱ्याच दिशेनें जात होता. करदात्याच्या माहितीला गोपनीय ठरविणारें कलम १९६४ सालीं कायद्यांतून वगळण्यांत आलें. माहिती देणाऱ्याला पूर्वीं जें अभय होतें तें उठलें. एका खात्याला मिळालेली माहिती दुसऱ्या खात्याला देण्याची वाट मोकळी झाली.

सरकारच्या डोळ्याला दुसरीहि एक मर्यादा आहे, आणि ती पेणनें दाखविली. पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँक ही सामान्य माणसांची बँक. निवृत्त नोकर, लहान दुकानदार, कारागीर आणि जमिनीचा मोबदला मिळालेले शेतकरी यांनीं आपली पुंजी तेथें विश्वासानें ठेवली होती. ठेवीदारांची संख्या दोन लाखांच्या घरांत होती. सप्टेंबर २०१० मध्यें रिझर्व्ह बँकेनें तिच्या व्यवहारांवर निर्बंध घातले आणि दाराबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. बनावट कर्जखात्यांतून शेंकडों कोटि रुपये बाहेर गेल्याचें हिशेबतपासणींत आणि पुढील तपासांत आढळलें.

येथें थोडें थांबून विचार केला पाहिजे. सहकारी बँका १९६६ पासून रिझर्व्ह बँकेच्या कायद्याखालीं आलेल्या होत्या. पत्रकें जात होतीं, हिशेबतपासनीस येत होते. अधिकाराची उणीव नव्हती. पत्रकांतील आंकडा खरा नव्हता. कर्जदार कागदावर होता आणि गांवांत नव्हता. वहीवरचें नांव जिवंत माणसाचें आहे कीं नाहीं, एवढी साधी ओळख पटविण्याचें काम नीट झालें असतें, तर पुष्कळ म्हाताऱ्यांचीं पुढचीं वर्षें मोर्च्यांत आणि कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर गेलीं नसतीं. त्या वेळीं ठेवीच्या विम्याची मर्यादा एक लाख रुपये होती. ओळख पटविण्याचे नियम हा सामान्य माणसाला जाच आहे असें जो म्हणतो, त्यानें पेणच्या ठेवीदाराला एकदां विचारावें.

आतां ही पार्श्वभूमि घेऊन क्रिप्टोकडे वळूं. बिटकॉइन हें त्यांतलें पहिलें नाणें जानेवारी २००९ मध्यें सुरू झालें. त्याची मौज अशी कीं, त्याची वही सर्व जगाला उघडी आहे. कोणत्या खुणेच्या खात्यांतून कोणत्या खुणेच्या खात्यांत किती नाणीं गेलीं, हें कोणीहि पाहूं शकतो. पण त्या खुणेमागचा मनुष्य कोण, हें वहींत लिहिलेलें नसतें. सुप्याच्या सावकाराकडे नांव उघडें होतें आणि वही झांकलेली. येथें वही उघडी आणि नांव झांकलेलें. तें नांव जेथें सांपडतें ती जागा म्हणजे रुपये घेऊन नाणीं देणारी आणि नाणीं घेऊन रुपये देणारी पेढी, अर्थात् एक्सचेंज. म्हणून जगांतील सरकारें या पेढीच्या दाराशीं येऊन उभीं राहिलीं.

अमेरिकेच्या करखात्यानें २०१६ सालीं कॉइनबेस या पेढीकडे तिच्या सर्व अमेरिकन गिऱ्हाइकांची तीन वर्षांची माहिती मागितली. पेढीनें नकार दिला. खटला चालूं असतां करखात्यानें आपली मागणी आंवळली आणि २०१७ सालीं न्यायालयानें ती कांहीं अंशीं मान्य केली: ज्यांचा वर्षाचा व्यवहार वीस हजार डॉलर किंवा त्याहून अधिक आहे त्यांचीच माहिती द्यावी. मागणी लाखों गिऱ्हाइकांची होती. ती सुमारें चौदा हजारांवर आली. न्यायालयापुढें जावें लागलें म्हणूनच ही चाळण लागली.

भारतांत रिझर्व्ह बँकेनें एप्रिल २०१८ मध्यें बँकांना या पेढ्यांशीं व्यवहार करण्यास मनाई केली. मार्च २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती मनाई रद्द ठरविली. २०२२ च्या अर्थकायद्यानें या नाण्यांच्या नफ्यावर शेंकडा तीस कर बसविला आणि त्याच वर्षीं १ जुलैपासून विक्रीच्या रकमेंतून शेंकडा एक कापून घेण्याचें काम बहुधा पेढीवरच आलें. ही कपात पॅन क्रमांकासह प्राप्तिकर खात्याकडे जाते. म्हणजे विक्रीचा माग आपोआप लागतो. पुढें ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेनें या पेढ्यांना काळा पैसा पांढरा करण्यास प्रतिबंध करणाऱ्या २००२ च्या कायद्याखालीं आणण्यांत आलें. तेव्हांपासून त्यांना बँकेसारखींच कर्तव्यें लागू झालीं. गिऱ्हाइकाची ओळख पटविणें, व्यवहारांची नोंद पांच वर्षें जपून ठेवणें, एका पेढीहून दुसरीकडे नाणीं जातांना पाठविणाऱ्याचें व घेणाऱ्याचें नांव बरोबर पाठविणें, आणि संशयास्पद व्यवहार दिसल्यास तो दिल्लींतील वित्तीय गुप्तवार्ता कक्षाला कळविणें, हीं तीं कर्तव्यें. हा कक्ष २००४ सालीं स्थापन झालेला आहे. तो आलेली माहिती पारखतो आणि आवश्यक वाटल्यास प्राप्तिकर खातें, सक्तवसुली संचालनालय किंवा पोलिस यांच्याकडे धाडतो. संशयाची खबर दिल्याचें गिऱ्हाइकाला सांगावयाचें नाहीं, असा नियम आहे; आणि खबर दिल्याबद्दल पेढीवर दावा करतां येत नाहीं.

ज्या परदेशी पेढ्या भारतांत नोंद न करतां धंदा करीत होत्या, त्यांपैकीं नऊ जणींना २८ डिसेंबर २०२३ रोजीं या कक्षानें नोटिसा दिल्या. त्यांतील बायनान्स या बलाढ्य पेढीनें पुढें नोंदणी केली आणि जून २०२४ मध्यें तिला १८.८२ कोटि रुपयांचा दंड झाला. २०२५ च्या अर्थकायद्यानें तर पेढ्यांनीं गिऱ्हाइकांच्या क्रिप्टो-व्यवहारांचें पत्रकच करखात्याला द्यावें अशी तरतूद केली. तिचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरविला. देशादेशांच्या करखात्यांनीं ही माहिती परस्परांना देण्याची जी आंतरराष्ट्रीय योजना आहे, तिच्यासाठीं भारतानें २०२७ हें साल स्वीकारलें आहे.

पेणचा अनुभव ध्यानांत घेतला तर यांतील पुष्कळसें योग्यच वाटेल. १९४६ सालीं एका शनिवारीं एकदां विचारलेला प्रश्न आतां रोज विचारला जातो, आणि उत्तर तयार करून आणण्यास चतुर माणसाला सवड कमी मिळते. ठकानें लुबाडलेला पैसा नाण्यांच्या रूपानें पळून जात असेल, तर त्याच्या मागोमाग जाण्यास पेढीवरचें नांवच उपयोगी पडतें.

तरीहि एक गोष्ट हिशेबांत कमी पडते. माहिती गिऱ्हाइकाकडून पेढीकडे आणि पेढीकडून सरकारकडे चढत जाते. त्या मोबदल्यांत रक्षण खालीं उतरतें काय? १८ जुलै २०२४ रोजीं वझीरएक्स या भारतीय पेढीच्या तिजोरींतून सुमारें तेवीस कोटि डॉलरांचीं नाणीं चोरांनीं लांबविलीं. ती नोंदलेली पेढी होती. गिऱ्हाइकांचीं नांवें, पत्ते, पॅन क्रमांक सर्व जागच्या जागीं होते. परंतु त्यांचीं खातीं महिनोन् महिने अडकून पडलीं आणि वाट निघाली ती सिंगापूरच्या न्यायालयांतून, एक वर्ष उलटल्यावर. बँकेंतील ठेवीला २०२० पासून पांच लाखांपर्यंत विमा आहे. या नाण्यांना मुळींच नाहीं. पेणच्या ठेवीदाराला निदान एक लाखाची आशा कायद्यांत होती. येथें तेवढीहि नाहीं. नोंदणीची पाटी पाहून जो तिला सरकारची हमी समजतो, तो मोठी चूक करतो. ती पाटी सांगते कीं, सरकार ही पेढी पाहतें. सरकार आपल्या पैशाची राखण करतें, असें ती सांगत नाहीं.

न्यायालयांनीं या बाबतींत दिशा दाखविलेली आहे. हैदराबादच्या जिल्हा निबंधकांविरुद्ध कॅनरा बँकेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं सांगितलें कीं, कागद बँकेच्या हातीं दिला म्हणून त्यांतील खासगीपणा संपत नाहीं. ऑगस्ट २०१७ मध्यें नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि त्यावर बंधन घालावयाचें तर कायदा हवा, रास्त हेतु हवा आणि बंधन हेतूच्या प्रमाणांत हवें, अशी कसोटी घालून दिली. माहिती घेणाऱ्या प्रत्येक कचेरीच्या दारावर ही कसोटी टांगण्यासारखी आहे.

आणि १८७९ च्या कायद्याचें तें जुनें तत्त्वहि अगदींच लोपलेलें नाहीं. नोव्हेंबर २०२१ पासून प्राप्तिकर खात्यानें प्रत्येक करदात्यासाठीं वार्षिक माहिती विवरण सुरू केलें. बँका, कंपन्या आणि या पेढ्या यांनीं आपल्याविषयीं सरकारला काय कळविलें, हें त्यांत मनुष्याला स्वतः वाचतां येतें आणि नोंद चुकीची असेल तर आक्षेप घेतां येतो. दख्खनच्या शेतकऱ्याला मिळालेल्या वार्षिक उताऱ्याचाच हा नातू होय. संशयाच्या गुप्त खबरा त्यांत दिसणार नाहींत आणि तपासाच्या दृष्टीनें तें समजण्यासारखें आहे. पण जें दिसतें तें तरी पाहावें. ज्या घरांत क्रिप्टोचा व्यवहार होतो त्या घरानें वर्षांतून एकदां तें विवरण उघडून आपल्या टिपणाशीं ताडून पाहिलें, तर पुढचे पुष्कळ वाद टळतील.

रोह्याच्या देशमुखांच्या वेळचा अनुभव सांगतो कीं, माहिती मागितली म्हणजे सत्य हातीं लागतेंच असें नाहीं. पेणच्या बँकेची कहाणी सांगते कीं, पाहणाराच नसेल किंवा पाहूनहि त्याला दिसत नसेल, तर गरिबाचें घर बुडतें. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. म्हणून वही सरकारनें पाहावी. न्यायाधीशानें सरकारच्या पाहण्याला मर्यादा घालावी. आणि ज्याचें खातें त्यानें ती सर्वांआधीं पाहावी. पहिल्या दोघांचें काम कायदा करील. तिसऱ्याचें काम ज्याचें त्यालाच करावें लागतें.